आजीची तसबीर आणायची नाही

तो नियम माझ्या स्वयंपाकघरात लिहिला गेला आणि तो मीच सुचवला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला बिचारी म्हणायला नको.

रविवारची दुपार होती. मी शेंगा सोलत बसले होते आणि समोर वही उघडून वाल्देलिसे बाई बसल्या होत्या, भयंकर चिडलेल्या. काळ्या मुलांसाठी विद्यापीठात राखीव जागा हव्यात म्हणून बाईंनी उभी हयात खर्ची घातली होती. मोर्चे काढले, अर्ज लिहिले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी कायदा झाला, जागा मिळाल्या. आणि पहिल्या एकदोन वर्षांतच वैद्यकीयच्या जागांवर डॉक्टर-वकिलांची गोरीगोमटी पोरं जाऊन बसली. अर्जावर ‘काळा किंवा सावळा’ या चौकटीत खूण करायची की झालं. कुणी हटकलंच तर घराण्यातली कुठली तरी काळी म्हातारी पुढे करायची.

“एकानं तर भिंतीवरची तसबीरच आणली, काचेसकट,” बाई म्हणाल्या. “म्हणे ही माझी पणजी.”

“पणजी कसली? त्यांची मोलकरीण असेल,” मी म्हणाले. “तुम्ही सरळ लिहून टाका ना बाई. ज्यानं त्यानं आपापलं तोंड घेऊन यायचं. आजीची तसबीर आणायची नाही.”

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग थांबल्या आणि म्हणाल्या, “लिंदाउरा, तू बरोबर बोललीस. दुकानातला पहारेकरी माणसाच्या आजीला बघून मागे लागत नाही, तोंड बघून लागतो.” आणि त्यांनी ते शहाण्या भाषेत लिहून काढलं. पडताळणी समिती उमेदवाराच्या रूपाकडे बघेल, आईबापाकडे किंवा आजीआजोबांकडे नाही. कागद, फोटो, साक्षीदार काही चालणार नाही. ज्या सदस्यानं उमेदवाराला शिकवलंय त्यानं खुर्चीवरून उठायचं. आणि जो अपात्र ठरेल त्याचं नाव सगळ्याच याद्यांतून बाद, म्हणजे पुन्हा कुणी लबाडी करायला धजणार नाही.

विद्यापीठानं ते जवळजवळ जसंच्या तसं घेतलं. बाईंनाच समितीचं अध्यक्ष केलं.

माझी तायनारा तेव्हा अकरा वर्षांची होती. त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून ती गणितं सोडवत होती. बाईंनी तिला मधूनच एक उत्तरही दुरुस्त करून दिलं. ती आमच्या नजरेसमोर होती, आणि आम्हा दोघींच्याही डोक्यात काही आलं नाही.

मी कोळशासारखी काळी. माझी आई तशीच, तिची आईही. तायनाराचा बाप दक्षिणेकडचा ट्रकवाला होता, सिमेंट घेऊन यायचा. तीन वर्षं आला, मग यायचा बंद झाला. पोरगी सगळी त्याच्यावर गेली. गोरी कातडी, तपकिरी सरळ केस, पाण्याच्या रंगाचे डोळे. माझं म्हणण्यासारखं तिच्याकडे काय आहे ते मलाच शोधावं लागतं. पायाची बोटं तेवढी माझी आहेत.

तिला कडेवर घेऊन बसमध्ये चढले की बायका विचारायच्या, “कुणाकडे कामाला आहेस? गोड आहे गं बाळ.” मी काय उत्तर देणार? पुढे ती पाच वर्षांची झाली. एकदा पावाच्या दुकानात एका बाईनं तसंच विचारलं, तर ही पाय आपटून सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी ओरडली, “ही माझी आई आहे. माझी स्वतःची.” मालकानं तिला एक गोड पाव फुकट दिला. मी हे बाईंना सांगितलं, तर बाईंनी दरवर्षी वर्गात पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगायला सुरुवात केली. “पाच वर्षांच्या पोरीला जे जमतं ते तुम्हाला जमलं पाहिजे,” असं म्हणायच्या. “उभं राहायचं आणि सांगायचं, मी कोण आहे.”

बाईंचा वर्ग म्हणजे सिगार कामगारांच्या जुन्या सभागृहातला शनिवारचा वर्ग. बाईंची आई तिथेच समोरच्या कारखान्यात मांडीवर तंबाखूची पानं घेऊन सिगार वळायची. नदीकाठच्या आमच्या या गावातून शिक्षिकेची परीक्षा पास झालेली पहिली काळी मुलगी म्हणजे बाई. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत नन लोकांच्या शाळेनं सांगितलं, गुण चांगले आहेत, पण आम्हाला ‘बरं रूप’ असलेली शिक्षिका हवी. ते दोन शब्द बाईंनी पन्नास वर्षं जिवंत ठेवले. सरकारी शाळेत शिकवून झालं की संध्याकाळी कोळिणींना सही करायला शिकवायच्या, शनिवारी पोरांची विद्यापीठाच्या परीक्षेची तयारी. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, “वेळ कुठे होता? मोर्चा होता त्या दिवशी.” मी शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांचं जेवण रांधते. शनिवारी वर्गाची कॉफी आणि कसावाच्या कंदाचा केक माझ्याकडे. पैसे कुणी कधी घेतले नाहीत, दिले नाहीत.

सभागृहात एक भिंत होती. ज्याचं नाव विद्यापीठाच्या यादीत लागेल त्यानं निळ्या रंगात ब्रश बुडवून आपल्या हातानं आपलं नाव भिंतीवर लिहायचं. आपल्या हातानं, हे महत्त्वाचं. कारण पहिलं नाव बाईंच्या आईचं होतं. तिला वयाच्या सत्तराव्या वर्षी अक्षरं आली, आणि ती कुठल्याही यादीत नव्हती.

तायनाराला डॉक्टर व्हायचं होतं. पाच वर्षं तिनं शनिवार चुकवला नाही. अर्ज भरायच्या दिवशी ती माझ्या टेबलाशी बसली होती आणि चौकटीपाशी येऊन थांबली. सरकारी शाळेतल्या मुलांची एक साधी यादी होती, रंग न विचारणारी. तिच्या गुणांना तीही पुरली असती. हे मला आता कळतं, तेव्हाही कळत होतं.

“त्या साध्या यादीत घाल ना नाव,” मी म्हणाले. “कशाला उगाच?”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच खाली बघितलं. “मी तुझी मुलगी आहे ना?” ती म्हणाली. “मग खूण तिथेच होणार. नाहीतर बाईंनी आम्हाला एवढं काय शिकवलं?”

बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “स्वतःला काय म्हणवून घ्यायचं ते तिचं तिनं ठरवायचं. तू मध्ये पडू नकोस.” मला वाटतं त्यांना अभिमान वाटला होता. मलाही वाटला, खोटं कशाला बोलू?

गुणांची यादी लागली आणि वैद्यकीयच्या राखीव जागांत तिचं नाव आलं. त्याच शनिवारी तिनं भिंतीवर लिहिलं, तायनारा, आणि पुढे माझं आडनाव, सांतियागो. खरं तर पडताळणी व्हायची होती. बाईंनी थांबवायला हवं होतं, पण त्याच ब्रश धरून उभ्या होत्या. मी केक कापत होते आणि रडत होते.

पडताळणीला आठ दिवस असताना शेजारची बेने तेलाची बाटली घेऊन आली, समुद्रावर उन्हात पडणारे लोक लावतात तसलं तेल. “पोरीला गच्चीवर झोपव,” ती म्हणाली. “चार दिवसांत ताज्या पावासारखी होईल. आणि केसांच्या बारीक वेण्या घालू. सगळेच करतात गं.” तायनारा तीन दिवस गच्चीवर तापत पडली आणि झाली लालभडक, झिंग्यासारखी. नाकाची सालं निघाली. चौथ्या दिवशी बाईंना कळलं. त्या वयात, दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून त्या वर गेल्या आणि तिला दंडाला धरून खाली आणली.

“ही नाटकं त्या डॉक्टरांच्या पोरांची,” बाई म्हणाल्या. “तू जशी आहेस तशी जायचं. आणि बेने, ते तेल तुझ्या पोळ्यांना लाव.”

समितीच्या दिवशी मी बाहेर लांब व्हरांड्यात बसले होते. आत पाच खुर्च्या, मधली बाईंची. उमेदवारानं आत जायचं, कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, ‘मी स्वतःला काळी किंवा सावळी म्हणून जाहीर करते’ एवढं एक वाक्य वाचायचं. बाकी पाच जणांनी बघायचं. तायनाराचं नाव पुकारलं आणि दार उघडून आधी बाई बाहेर आल्या. आपल्याच नियमाप्रमाणे त्या उठल्या होत्या. त्यांच्या जागी बदली सदस्य बसला. बाई माझ्या शेजारी बाकावर येऊन बसल्या, पर्स मांडीवर घेऊन.

“काळजी करू नकोस,” त्या म्हणाल्या.

पाच मिनिटांत पोरगी बाहेर आली. “काही विचारलंच नाही,” ती म्हणाली. “नुसतं बघत होते. मी म्हणाले, बाहेर माझी आई बसलीय, बोलवा. तर एक बाई म्हणाल्या, तशी पद्धत नाही.”

मी दारापासून दहा पावलांवर होते. दहा पावलं. एकानं मान वळवली असती तरी मी दिसले असते.

दोन दिवसांनी निकाल आला. अपात्र. तिघे विरुद्ध, दोघे बाजूनं. बदली सदस्यानं विरुद्ध मत दिलं होतं. हे गणित करायला विद्यापीठात जावं लागत नाही.

मी बाईंच्या घरी गेले. चप्पलही काढली नाही. “तुम्ही बसून राहिला असतात तर?” मी विचारलं.

“लिंदाउरा, नियम आहे.”

“नियम माझ्या टेबलावर लिहिलाय तुम्ही. माझ्या शेंगा बाजूला सारून. आता अपील आहे ना? त्या लोकांना जाऊन सांगा ही कुणाची मुलगी आहे. बाकी काही नको. एवढंच सांगा.”

“आज मी तुझ्यासाठी सांगितलं तर उद्या प्रत्येक डॉक्टर आपल्या पोरासाठी कुणाला तरी सांगायला आणेल. मग भिंतीवरच्या पोरांच्या जागांचं काय?”

“मग माझी पोर लबाड का?”

“तसं मी म्हटलं का?”

“कागदावर तेच लिहिलंय, बाई. सगळ्या याद्यांतून बाद. लबाडांना करतात तसं.”

मी त्यांना आणखी पुष्कळ बोलले. तुम्हाला पोटचं लेकरू नाही म्हणून कळत नाही, असंही बोलले. ते बोलायला नको होतं. पण बोलले, आणि मागेही घेतलं नाही.

खरं सांगायचं तर समिती खोटं बोलली नाही. पहारेकरी माझ्या मागे लागायचा, तिच्या मागे कधीच नाही. तिला एकटीला कुणी दुकानातून हाकललं नाही, बसमध्ये कुणी शेजारची जागा सोडून उठलं नाही. ते सगळं तिनं माझ्या शेजारी उभं राहून सोसलं. मी शेजारी नसले की तिला काही होत नव्हतं. नियम चुकीचा नव्हता, हेच मला सहन होत नव्हतं. चुकीचा असता तर निदान शिव्या देता आल्या असत्या.

अपिलाच्या शेवटच्या दिवशी सकाळी बाई माझ्या दारात उभ्या. इस्त्रीचा पांढरा झगा, मोर्च्याला घालायच्या तो. “चल,” एवढंच म्हणाल्या.

अपील समितीचा प्रमुख रोमिल्सन नावाचा प्राध्यापक होता. बाईंचाच विद्यार्थी. भिंतीवर त्याचं नाव अगदी वरच्या ओळीत आहे. उकाड्यामुळे दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं. बाईंनी सांगायला सुरुवात केली, की मी या मुलीला लहानपणापासून ओळखते, तिची आई बाहेर उभी आहे. रोमिल्सननं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग फार हळू आवाजात म्हणाला, “बाई, मी तुम्हाला वाचून दाखवू का?” आणि त्यानं बाईंचाच नियम बाईंना वाचून दाखवला. कागद, फोटो, साक्षीदार काही चालणार नाही. मध्येच थांबून त्यानं कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला. तरी त्यानं शेवटपर्यंत वाचलं. बाईंनीच शिकवलं होतं त्याला, वाक्य अर्धं सोडायचं नाही म्हणून.

बाई बाहेर आल्या आणि माझ्या हाताला धरून जिना उतरल्या. बसमध्ये त्या म्हणाल्या, “मी विचारायलाच नको होतं. विचारलं ते वाईट, आणि आधी नाही विचारलं तेही वाईट.” समितीचा राजीनामा त्यांनी त्याच आठवड्यात दिला.

पुढल्या शनिवारी तायनारा सभागृहात आली. पांढऱ्या चुन्याचा डबा बरोबर होता. पोरं आत बसलेली. कुणाशी न बोलता तिनं भिंतीवरचं स्वतःचं नाव पुसलं, माझ्या आडनावासकट. बाई म्हणाल्या, “पुन्हा बस परीक्षेला. पुढच्या वर्षी.”

“कुठल्या चौकटीत खूण करू बाई?” तिनं विचारलं. रागानं नाही. उत्तर हवं असल्यासारखं विचारलं. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यानंतर वर्ग दोन महिने कसाबसा चालला आणि बंद पडला. बाईंचे डोळे साखरेनं आधीच अधू झाले होते, आता त्यांना फळ्यावरचं दिसेना. पण डोळे हे निमित्त, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

तायनारा शहरात गेली. एका खासगी दवाखान्यात स्वागत कक्षात नोकरी मिळाली म्हणाली. पहिल्याच मुलाखतीत. महिन्यातून एकदा फोन करायची. मी येते म्हटलं की म्हणायची, “नको गं, बस दोनदा बदलावी लागते. मीच येईन सणाला.” जूनमधला सेंट जॉनचा सण आला आणि गेला. तिच्यासाठी केलेला मक्याचा हलवा मी बेनेला देऊन टाकला.

वर्षभरानं बाईंच्या डोळ्यांसाठी सरकारी चिठ्ठी निघाली. सरकार खासगी दवाखान्यात पाठवत होतं. चिठ्ठीवरचं दवाखान्याचं नाव मी वाचलं आणि ओळखलं. तायनारानं एकदा फोटो पाठवला होता, त्यात तिच्या सदऱ्याच्या खिशावर तेच नाव होतं. मी बाईंना सांगितलं. बाईंचा चेहरा उजळला. “तिला आधी कळवू नकोस,” म्हणाल्या. “आपण अचानक जाऊ.” मी पहाटे उठून कसावाचा केक केला, तिला आवडतो तसा, कडेला करपवलेला.

काउंटरमागे दोन मुली होत्या. एक लांब नखांची, आणि दुसरी माझी. केस मागे घट्ट बांधलेले, ओठांना रंग. तिनं मला बघितलं. एक क्षण तिचा हात कळफलकावर थांबला, मग तिनं बाईंची चिठ्ठी ओढून घेतली.

“नाव?” तिनं विचारलं.

“वाल्देलिसे,” बाई म्हणाल्या. आवाज ओळखून त्या हसत होत्या. “विसरलीस का गं?”

“पूर्ण नाव सांगा. वय? रंग?”

सरकारी फॉर्मवर रंगाचा रकाना असावा म्हणूनही बाई भांडल्या होत्या. माझ्यादेखत. “काळा,” त्या म्हणाल्या. हसू गेलं होतं.

लांब नखांच्या मुलीनं माझ्या हातातला डबा बघितला. “तुझ्या ओळखीच्या आहेत का गं या? तुझ्यासाठीच आणलंय वाटतं.”

“आमच्या गावच्या आहेत,” माझी मुलगी म्हणाली. पडद्यावरून नजर हलवली नाही. “ही आमच्याकडे कामाला होती.”

बाईंनी काठी उचलली. त्यांनी श्वास घेतला, आणि पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं. पावाच्या दुकानाची गोष्ट. पन्नास वर्षांत त्या अशा प्रसंगी गप्प बसल्या नव्हत्या. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं. काही झालं तरी पोरीची नोकरी होती.

“हो,” मी म्हणाले. “ताईंच्या घरी होते मी. पुष्कळ वर्षं.”

“किती छान,” ती दुसरी म्हणाली. “अजून आठवण ठेवलीत.”

तायनारानं डबा घेतला आणि काउंटरखाली ठेवला. आम्हाला नंबर दिला. मी बाईंना खुर्चीपर्यंत नेलं, बसवलं, त्यांची पर्स मांडीवर ठेवली. मग बाई माझ्याकडे झुकल्या.

“मला दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “तिच्या तोंडाकडे बघ आणि सांग. रडतेय का ती?”

मी बघितलं. ती पुढच्या माणसाचा नंबर पुकारत होती.

“हो बाई,” मी म्हणाले. “रडतेय.”